निराकार वाद्यांची बखर

१९८२ हे वर्ष मुंबईच्या इतिहासात गिरणी संपाचे वर्ष म्हणून नोंदले गेले आहे, आणि ते यथार्थच आहे. कारण त्या वर्षीच्या १८ जानेवारीस डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लक्ष कामगारांनी यंत्रे थांबवली, आणि करी रोड, लालबाग, परळ, चिंचपोकळी, डिलाईल रोड या गिरणगावच्या वस्त्यांतून भोंग्याच्या इशाऱ्यावर चालणारी जी जीवनपद्धती पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली होती, ती एकदा विस्कटली ती पुन्हा पूर्वस्थितीवर आली नाही. त्याच वर्षी त्याच शहरात आणखी एक घटना घडली, जिची दखल तेव्हा कोणी घेतली नाही. हिंदी चित्रपटसृष्टीच्या वाद्यवृंदांत अनेक वर्षे चाकरी केलेले वादक चरणजित सिंग यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन विद्युत्‌वाद्ये जमवली आणि ललित, तोडी, यमन, मालकंस अशा दहा रागांची एक तबकडी एचएमव्हीसाठी ध्वनिमुद्रित केली. त्या तीन वाद्यांपैकी ज्युपिटर-८ हे स्वरांचे, टीआर-८०८ हे तालाचे आणि टीबी-३०३ हे खर्जाचे यंत्र होते. तबकडी फारशी खपली नाही. पुढे १९८७ साली शिकागोच्या ‘फ्युचर’ या गटाने त्याच टीबी-३०३ यंत्राच्या आधारे ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही कृती प्रसिद्ध करून नृत्यसंगीताचा एक नवा संप्रदाय स्थापन केला, तेव्हा मुंबईत पाच वर्षे आधी तसेच काहीतरी घडून गेले आहे हे तिकडे कोणाच्या गावीही नव्हते. २०१० साली ती तबकडी हॉलंडमधून पुन्हा प्रसिद्ध झाली, मग वृद्धापकाळी चरणजित सिंग यांना परदेशच्या व्यासपीठांवर मान मिळाला, आणि २०१५ च्या जुलै महिन्यात मुंबईतच त्यांचे निधन झाले.

या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. तरीही संगणकात वसणाऱ्या जुन्या वाद्यांचा, म्हणजे ज्यांना आज सॉफ्टवेअर सिंथ किंवा नुसते प्लगिन म्हणतात त्यांचा, इतिहास करी रोडच्या बाजूने लिहायचा झाल्यास आरंभ येथूनच करावा लागतो. कारण ज्या यंत्रांवर ती तबकडी वाजली, त्यांचेच निराकार अवतार पुढे या क्षेत्रातील पहिल्या वाद्यांत प्रकटले, आणि संपानंतर ज्या पिढीच्या वाट्याला गिरणीतील खाते आले नाही, त्या पिढीतील कित्येक मुलांनी चाळीच्या खोलीत संगणकापुढे बसून ती वाजवली.

यंत्रातून संगीत काढण्याची विद्या गिरणगावाला नवी नव्हती. घाटावरून आणि कोकणातून आलेला कामगार आपल्याबरोबर ढोलकी, टाळ, मृदंग, नमन, दशावतार आणि भजन घेऊन आला, आणि १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले तेव्हा त्या ठेव्याला राजकीय धार चढली. परंतु येथल्या मिरवणुकींचे म्हणून जे खास वाद्य रूढ झाले, ते बेंजो, घाटावरचे नव्हते की कोकणातलेही नव्हते. जपानच्या नागोया शहरात १९१२ साली गोरो मोरिता यांनी टंकलेखन यंत्राच्या कळांची कल्पना तंतुवाद्याला लावून ‘ताइशोगोतो’ नावाचे वाद्य सिद्ध केले. ते हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग म्हणून घरोघरी गेले, आणि मुंबईत त्यालाच विजेची जोड देऊन, कर्ण्यांमधून दुमदुमवून, बेंजो पथकांनी ते रस्त्यावर आणले. कळ दाबताच तार ठराविक जागी दबली जाते, त्यामुळे मींड, आस, आंदोलन या गायकी अंगाच्या गोष्टी त्यावर सहजासहजी निघत नाहीत. पण त्या कळांवर द्रुत बोटे चालवून आणि तारेवरची नखी झपाट्याने फिरवून गाण्याचा मुखडा गल्लीच्या दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू जावा अशी जी करामत येथल्या वादकांनी साधली, ती त्या वाद्याच्या जन्मदात्याच्या स्वप्नातही नसावी. परक्या यंत्राची मर्यादा ओळखायची आणि तिच्यातूनच स्वतःची शैली घडवायची, हा या वस्तीचा जुना शिरस्ता होय.

त्याच शिरस्त्याने पुढची यंत्रे आली. १९८५ साली रोलँडने ऑक्टापॅड बाजारात आणले आणि आठ चौकोनी रबरी पृष्ठांवर काठी मारून हवा तो ताल उमटवण्याची सोय झाली. कालांतराने बेंजो पथकात ‘पॅडवाला’ हा ढोलकीवाल्याच्या बरोबरीचा मानकरी झाला. छोटी कळफलकी वाद्येही आली, आणि ती कोणत्याही कंपनीची असली तरी सरसकट कॅसिओ म्हणूनच ओळखली गेली. चित्रपटसृष्टीत हे परिवर्तन अधिक निर्दय होते. केर्सी लॉर्ड यांच्यासारख्या व्यासंगी वादकाने मूग सिंथेसायझर वाजवला तेव्हा तो भल्या मोठ्या वाद्यवृंदातील एक नवा रंग होता. परंतु नव्वदीच्या दशकात तोच एक रंग उरलेल्या सर्व रंगांचे काम करू लागला. ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या ध्वनिमुद्रणालयांतून व्हायोलिनवादकांची जी रांग बसत असे, ती पातळ होत होत नाहीशी झाली, आणि गोमंतकीय व पारशी वादकांच्या ज्या घराण्यांनी चित्रपट-संगीताला त्याचा भरदार देह दिला होता, त्यांच्या पुढच्या पिढीस अन्य व्यवसाय शोधावे लागले. यंत्रामुळे माणसाचे काम जाते म्हणजे काय होते, हे गिरणगावाला कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. म्हणून या वाद्यांचा गौरव करताना हे ऋण प्रथम मान्य केले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आता मूळ विषयाकडे वळू. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग या कंपनीने १९९६ साली आपल्या क्यूबेस या ध्वनिमुद्रण-प्रणालीसाठी व्हीएसटी नावाचा एक करार जगापुढे ठेवला. ध्वनीवर संस्कार करणारे छोटे प्रोग्राम कोणीही लिहावेत आणि ते मुख्य प्रणालीत जोडता यावेत, असा त्याचा आशय होता. १९९९ साली या कराराची दुसरी आवृत्ती निघाली आणि तिने संस्कारांबरोबर वाद्यांनाही प्रवेश दिला. सोबत ‘निऑन’ हे एक साधेसे वाद्य नमुन्यादाखल दिले होते. तत्पूर्वीच, १९९७ साली, स्टॉकहोमच्या प्रोपेलरहेड कंपनीने ‘रीबर्थ’ ही प्रणाली आणली होती, आणि तिच्यात चरणजित सिंग यांनी हाताळलेली टीबी-३०३ व टीआर-८०८ ही दोन्ही यंत्रे संगणकाच्या पडद्यावर चित्ररूपाने आणि ध्वनिरूपाने पुनः अवतरली होती. बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स या संस्थेने डेव्ह स्मिथ यांच्या प्रॉफेट-५ या नामांकित वाद्याची निराकार प्रतिकृती केली, २००१ साली ‘एफएम७’ या नावाने यामाहाच्या डीएक्स७ चा वारस निर्माण केला, आणि २००६ साली ‘मॅसिव्ह’ हे वाद्य काढले, ज्याच्या हेलकावणाऱ्या खर्जाने पुढील दशकाचे नृत्यसंगीत भारून टाकले. जपानच्या इचिरो तोदा यांनी २००२ साली ‘सिंथ१’ हे वाद्य लिहून विनामूल्य देऊन टाकले, आणि ज्याच्यापाशी वाद्य विकत घेण्याइतके द्रव्य नव्हते अशा जगभरच्या असंख्य मुलांचे ते पहिले वाद्य ठरले. बेल्जियममधून आलेल्या ‘फ्रूटीलूप्स’ने, जिचे पुढे २००३ साली ‘एफएल स्टुडिओ’ असे नामांतर झाले, या साऱ्या वाद्यांना बसायला एक सोपी, चौकटी-चौकटींची बैठक दिली. ताल भरायचा तर सोळा चौकटींपैकी हव्या त्या चौकटीवर टिचकी मारावी, एवढेच.

ही प्रणाली परळ-लालबागच्या चाळींत कोणत्या मार्गाने पोचली हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन जुळवलेला संगणक, आणि मित्राच्या मित्राकडून आलेली, परवान्याशिवाय नकललेली तबकडी, हाच तो मार्ग होता. कायद्याच्या दृष्टीने ते गैरच होते आणि ज्यांनी वर्षानुवर्षे खपून ती वाद्ये लिहिली त्यांच्यावर तो अन्यायही होता. परंतु ज्या घरात बंद गिरणीच्या थकलेल्या देण्यावर संसार चालत होता, त्या घरातील मुलाला युरोपीय चलनातील किंमत मोजून वाद्य घेणे अशक्य होते, हेही तितकेच खरे आहे. दहा बाय बाराच्या खोलीत, माळ्यावर किंवा खिडकीलगतच्या फळीवर संगणक ठेवून, घरची माणसे निजल्यावर कानांना हेडफोन लावून हे काम चाले. कोळीगीते, भक्तिगीते, चित्रपटगीते आणि भीमगीते घेऊन त्यांखाली नाशिक ढोलाचे, हलगीचे, संबळाचे तुकडे बसवावेत, वर एखाद्या प्लगिनचा टोकदार, करवतीसारखा स्वर चढवावा, आणि ते मिश्रण श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास मंडळांच्या डीजेकडे पोचवावे, असा एक अलिखित व्यवहार या शतकाच्या पहिल्या दशकात रूढ झाला. ज्या बेंजोने एके काळी चित्रपटाचा मुखडा रस्त्यावर आणला, त्याचेच काम आता पडद्यावरची कळ करीत होती.

याच सुमारास त्याच मैलभराच्या परिघात दुसरेही एक जग उभे राहिले. २००७ साली ना. म. जोशी मार्गावरील मथुरादास मिलच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ हे संगीतगृह सुरू झाले, आणि देशोदेशीचे विद्युत्‌संगीतकार गिरणीच्या जुन्या इमारतीत आपली कला सादर करू लागले. त्या व्यासपीठावरचे संगीतकार आणि पलीकडच्या चाळीतील मिश्रणकार हे एकमेकांना ओळखत नव्हते, त्यांचे श्रोते भिन्न होते आणि प्रवेशाचे दरही भिन्न होते. पण दोघांच्या संगणकांत पुष्कळदा तेच वाद्य, क्वचित त्याच वाद्याचा तोच तयार स्वर, नांदत होता. ही दोन जगे पुढे जवळ आली ती ‘न्यूक्लिया’ या नावाने संगीत करणाऱ्या उदयन सागर यांच्यासारख्यांमुळे; त्यांच्या २०१५ च्या ‘बास रानी’ आणि २०१६ च्या ‘राजा बाजा’ या संग्रहांत रस्त्यावरच्या वाजंत्रीचा जोम आणि विद्युत्‌खर्जाचा भार हे दोन्ही एकत्र नांदतात, आणि मिरवणुकीचे संगीत हे केवळ गोंगाट नसून एक शैली आहे, ही जाणीव त्या योगाने सुशिक्षित वर्गातही रुजली.

या जुन्या वाद्यांचा स्वर असा विशिष्ट का होता, हे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे. संगणकाला लहर ठाऊक नसते, आकडा ठाऊक असतो. सीडीच्या मानाप्रमाणे तो दर सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० वेळा मोजमाप घेतो. अशा मोजणीत सेकंदाला २२,०५० कंपनांच्या पलीकडचा स्वर मावत नाही, आणि तो नुसता लुप्त होत नाही. तो उलट फिरून खालच्या सप्तकांत भलत्याच जागी उमटतो. करवतीच्या दात्यांसारखी लहर घेतली तर तिच्यात असे वरचे उपस्वर भरपूर असतात, म्हणून प्रारंभीच्या वाद्यांत उंच पट्टीत एक खरखरीत, धातूसारखी, मूळ स्वराशी विसंवादी छटा सदैव मिसळलेली असे. ती काढून टाकण्याच्या रीती शास्त्रज्ञांना अवगत होत्या, पण तेव्हाच्या संगणकांना तेवढा हिशेब झेपत नव्हता. त्यामुळे प्रत्येक लेखकाने आपापल्या अदमासाने कोठे किती अचूकपणा सोडायचा हे ठरवले, आणि त्या निवडीतूनच त्या त्या वाद्याचा स्वभाव घडला. गाळणीची, म्हणजे फिल्टरची, गोष्टही तीच. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आणि कंप पावणारी गाळणी ही दोन अंगे होती, आणि म्हणूनच, माझ्या मते, कळफलकावर दुर्मीळ असलेली मींड चरणजित सिंग यांना त्या यंत्रात गवसली. संगणकातील प्रतिकृतींनी ती घसरण हुबेहूब साधली, पण गाळणीचे कंपन आपापल्या मगदुराप्रमाणेच साधले. आज संगणक इतके बलवान झाले आहेत की निर्दोष स्वर काढणे अवघड राहिलेले नाही. तरीही लालबागच्या मिरवणुकीत ज्याचे कान घडले त्याला तो जुना कर्कश, किंचित सदोष स्वरच खरा वाटतो. कलेच्या इतिहासात साधनाचा दोष हा रुचीचा निकष झाल्याची उदाहरणे थोडी नाहीत, आणि बेंजोची कथा त्यांपैकीच एक आहे.

या वाद्यांचा ऱ्हास कोणत्याही दंग्याधोप्याशिवाय, केवळ दफ्तरी निर्णयांनी झाला. रीबर्थची विक्री २००५ मध्ये थांबली आणि ती विनामूल्य देण्यात आली. पुढे तिचा आयपॅडवरील अवतार रोलँडच्या हक्कांच्या प्रश्नावरून २०१७ मध्ये मागे घ्यावा लागला. प्रॉफेटची ती प्रतिकृतीही यथावकाश विक्रीतून गेली. ब्रिटनच्या कॅमल ऑडिओ या छोट्या संस्थेचे ‘अल्केमी’ हे वाद्य ॲपलने २०१५ साली आपल्या लॉजिक या प्रणालीत सामावून घेतले, आणि विंडोजवर ते वापरणाऱ्यांच्या हाती जुनी प्रत तेवढी उरली. मोठा आघात याहून वेगळा होता. जुनी वाद्ये ३२-बिटी रचनेत लिहिलेली होती. २०१६ च्या अखेरीस क्यूबेसच्या नवव्या आवृत्तीने त्यांना दार बंद केले, २०१८ साली स्टाइनबर्गने व्हीएसटीच्या दुसऱ्या आवृत्तीची विकास-सामग्री देणे थांबवले, आणि २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ॲपलच्या कॅटालिना प्रणालीने ३२-बिटी प्रोग्राम चालवणेच बंद केले. हौशी मंडळींनी एकेकट्याने लिहिलेली शेकडो विनामूल्य वाद्ये या सीमेवरच थबकली, कारण त्यांचे लेखक अन्य उद्योगाला लागले होते आणि मूळ लेखन कोणापाशी शिल्लक नव्हते. २०१८ च्या सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने डीजे आणि डॉल्बीवरील बंदी उठवण्यास नकार दिला, आणि ज्या भिंतीएवढ्या कर्ण्यांसाठी ती मिश्रणे केली जात, त्यांचीही सद्दी ओसरली. रुग्णांचा, वृद्धांचा आणि अर्भकांचा विचार करता त्या निर्णयाचे औचित्य मला मान्य आहे. मात्र परिणाम असा झाला की एकाच सुमारास वाद्यही गेले आणि वाजवण्याची जागाही आक्रसली.

येथे हार्मोनियमचा दाखला उपयुक्त ठरतो. तेही वाद्य परदेशी, तेही मींड न काढणारे. १९४० साली आकाशवाणीने ते वर्ज्य केले आणि १९७१ पर्यंत ती बंदी कायम राहिली. तरीही गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांच्या हाताने ज्याला प्रतिष्ठा आली ते हे वाद्य त्या तीन दशकांत मेले नाही, कारण सूर बिघडला तर पट्टी घासणारा आणि भाता फाटला तर तो शिवणारा कारागीर गावोगाव होता. सरकारने दार लावले तरी वाद्य माणसाच्या मालकीचे होते. सॉफ्टवेअर वाद्याची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. त्याच्यावर कोणी बंदी घातली नाही, पण ते कोणाच्या मालकीचेही नव्हते. होता तो वापराचा परवाना, आणि त्या परवान्याची मुदत दूरदेशीच्या एखाद्या कचेरीतील निर्णयावर अवलंबून होती. म्हणून जो मिश्रणकार २००८ साली केलेले आपले काम आज उघडू पाहतो, त्याला चौकटी दिसतात, स्वरलिपी दिसते, पण ज्या वाद्याने ती बोलायची ते जागेवर नसते.

सुदैवाने या इतिहासाला दुसरीही बाजू आहे. डीएक्स७ चे हजारो स्वर ज्या संकेतांत साठवले जात ते संकेत उघड होते, म्हणून एफएम७ ला ते वाचता आले, आणि आज ‘डेक्स्ड’ हे मुक्त वाद्यही ते वाचते. १९८३ च्या यंत्राचा वारसा अशा रीतीने तीन देह बदलून अभंग राहिला. ‘सर्ज’ नावाचे एक जुने वाद्य त्याचे लेखक क्लेस योहान्सन यांनी २०१८ साली मूळ लेखनासह सर्वांसाठी खुले केले, आणि अनेकांच्या श्रमातून ते नव्या संगणकांवर पूर्वीपेक्षा समर्थपणे वाजू लागले. जे लेखन खुले झाले ते तगले आणि जे कुलपात राहिले ते लोपले, इतका स्पष्ट निष्कर्ष इतिहासात क्वचितच मिळतो.

गिरणगावाने एक वारसा हातचा घालवला आहे. गिरण्या पडल्या तेव्हा माग भंगारात गेले, खात्यांची दफ्तरे गेली, आणि कापडाच्या कोणत्या वाणाला कोणता ताण द्यायचा हे ज्यांच्या बोटांना ठाऊक होते ते कामगार आपले ज्ञान घेऊनच गेले. त्याच चाळींतून निघालेल्या संगीताच्या बाबतीत ती चूक पुन्हा होऊ नये. ज्यांच्यापाशी त्या काळचे जुने संगणक अद्याप माळ्यावर पडून आहेत त्यांनी ते भंगारवाल्यास देण्यापूर्वी एकदा चालू करावेत. प्रत्येक गाण्यातील प्रत्येक वाद्याचा स्वर निरनिराळ्या ध्वनिफितीच्या रूपाने काढून ठेवावा, म्हणजे प्लगिन गेले तरी ध्वनी राहील. कोणते वाद्य, कोणता तयार स्वर, गाळणी किती उघडी, हे साध्या वहीत लिहावे. आणि नवे काम शक्यतो खुल्या लेखनाच्या वाद्यांवर करावे. उत्सव मंडळे आपल्या मूर्तींची छायाचित्रे वर्षानुवर्षे जपून स्मरणिकांत छापतात. लालबागच्या राजाच्या मंडळाचा प्रवास १९३४ पासूनचा आणि गणेशगल्लीचा १९२८ पासूनचा आहे. एवढी दीर्घ स्मृती असलेल्या संस्थांनी कोणत्या वर्षी मिरवणुकीत काय वाजले आणि ते कोणी केले याचीही नोंद ठेवली, तर पन्नास वर्षांनी या नगराचा इतिहास लिहिणारास केवळ दिसणारा उत्सव नव्हे, ऐकू येणारा उत्सवही हाती लागेल. चरणजित सिंग यांची तबकडी वाचली ती तिची प्रत कोणीतरी सांभाळली म्हणून. आमच्या मिश्रणकारांचे काम वाचवायचे असेल तर ते सांभाळण्याची जबाबदारी परदेशच्या संग्राहकावर न सोडता आपणच पत्करली पाहिजे, आणि ती पत्करण्याची मुदत, जोवर ते जुने संगणक सुरू होत आहेत, तोवरच आहे.